बालिकपापन रिफायनरी: १९४४चे हवाई फोटो आजच्या नकाशावर बसत नाहीत

प्रश्न: बोर्निओच्या किनाऱ्यावरच्या या रिफायनरीवर सप्टेंबर-ऑक्टोबर १९४४मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ले झाले. त्या काळातले सरळ खाली रोखून काढलेले फोटो क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं संगणक सॉफ्टवेअर) आजच्या नकाशावर बसवतोय. किनारा जुळवला की तेलाच्या टाक्या सरकतात. कुठे चुकतंय?

उत्तर १: खुणांसाठी (फोटो आणि नकाशा दोन्हींत जुळवायच्या एकाच जागा) टाक्याही नकोत, किनाराही नको. हल्ल्यांत आणि जुलै १९४५च्या लढाईत रिफायनरी उद्ध्वस्त झाली, पुढे नव्याने उभी राहिली. पाण्याची रेघ तर भरती-ओहोटीनेच हलते. न बदललेले जुने तिठे शोधा. ८-१० खुणा, फोटोभर पसरलेल्या. मागे टेकड्या आहेत, त्यामुळे साधं पहिल्या घाताचं रूपांतर (पूर्ण फोटो एकसारखा सरकवणं, फिरवणं, ताणणं) पुरत नाही. थिन प्लेट स्प्लाइन घ्या, म्हणजे फोटो जागोजागी वेगवेगळा ताणून खुणांवर बसवणारी पद्धत. मात्र त्यात दिलेल्या खुणांवर चूक शून्यच दिसते, म्हणून ३ खुणा पडताळणीसाठी बाजूला ठेवाच.

उत्तर २: त्याआधी प्रमाण काढा. २४ इंच नाभीय अंतराचं भिंग, जमिनीपासून २०,००० फूट उंची, म्हणजे १:१०,०००. निगेटिव्हवर ३ मिमीची टाकी प्रत्यक्षात ३० मीटरची. स्कॅन मोठ्या केलेल्या प्रिंटचा असेल तर हे गणित फसतं.

प्रश्नकर्ता: धन्यवाद! टाकी जळालेली की शाबूत, हे कसं ओळखायचं?

उत्तर ३: लागोपाठचे, साधारण ६० टक्के एकमेकांवर येणारे दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली (दोन फोटोंतून उंच-सखलपणा दाखवणारं उपकरण) ठेवा. सावल्या तुमच्याकडे येतील असे फिरवा, नाहीतर खड्डा उंचवटा वाटतो. जळालेल्या टाकीचं छत आत बसलेलं आणि कड वाकडी दिसते. नुसत्या काळ्या डागावर जाऊ नका, टाकीभोवतीच्या बांधात सांडलेलं तेलही काळंच दिसतं.