आबांच्या नडगीत रॉड टाकला, सीआरपी उतरला पण ईएसआर चढला, पू तर नाही ना?

केळीवाला_यावल:
नमस्कार मंडळी. आबा (वय ६२) मळ्यातून येताना गाडीवरून पडले, उजव्या पायाची नडगी मोडली, दुसऱ्या दिवशी जळगावला ऑपरेशन करून रॉड टाकला. ऑपरेशननंतर दोन दिवसांनी रक्त तपासलं, अंगातली सूज दाखवणाऱ्या दोन टेस्ट असतात ना, त्यात सीआरपी १४८ आणि ईएसआर ४० होता, डॉक्टर म्हणाले चालायचंच. काल अकरावा दिवस, जळगावला जायचा कंटाळा म्हणून इथल्याच लॅबमधी रक्त दिलं तर सीआरपी आला ३.८ आणि ईएसआर ८२!! आमचे पाहुणे म्हणतात ३.८ म्हणजे नॉर्मल झाला कारण पाचच्या आत पाहिजे असतो, पण मग रिपोर्टमधी तो ठळक अक्षरात का छापलाय आणि ईएसआर डबल कसा झाला? ताप नाही, जखम कोरडी दिसते, पाय थोडा सुजलेला आहे. आईने वांगं बंद केलंय, म्हणे भरीत खाल्लं की पू होतो. ऐन थंडीत आबांचं तोंड बघवत नाही. परवा टाके काढायचे आहेत, तोवर थांबू का आजच पळू?

साधा_माणूस_७७:
ईएसआर ८२ म्हणजे शंभर टक्के इन्फेक्शन. डॉक्टर बदला. आमच्या शेजाऱ्याचं असंच झालं होतं, शेवटी रॉड काढावा लागला.

लॅबवाला_भुसावळ:
वरच्या भाऊंनी उगाच धडकी भरवली. आधी रिपोर्टमधी सीआरपीच्या पुढे युनिट काय छापलंय ते बघा. माझा अंदाज, जळगावचा रिपोर्ट मिलिग्रॅम पर लिटरमधी आहे आणि गावातला पर डेसिलिटरमधी. तसं असेल तर ३.८ ला दहाने गुणा, म्हणजे ३८. नॉर्मल नाही, म्हणून ठळक छापलाय, पण १४८ वरून ३८ ला आलाय हे चांगलंच आहे. रोज एक तरी पेशंट यात फसतो.

आता ईएसआर. मार बसला की लिव्हर सीआरपी नावाचं प्रथिन बनवायला लागतं, सहाएक तासात चढायला सुरुवात होते, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सगळ्यात वर जातो आणि मग भराभर उतरतो, रक्तातला निम्मा सीआरपी साधारण १९ तासात संपतो. ईएसआरमधी आपण रक्ताची नळी तासभर उभी ठेवतो आणि लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतो, बस. हाड मोडल्यावर रक्तात फायब्रिनोजेन नावाचं दुसरं प्रथिन वाढतं, त्याने पेशी भाकरीच्या चवडीसारख्या एकावर एक चिकटतात, जड होतात, लवकर बसतात. हे फायब्रिनोजेन लवकर जात नाही. म्हणून ईएसआर उशिरा चढतो आणि कित्येक आठवडे तसाच राहतो. सीआरपी म्हणजे नाल्याचा पूर, आला तसा गेला. ईएसआर म्हणजे तापीचा, वर पाऊस थांबला तरी पाणी चढतंच असतं. वरून हिमोग्लोबिन कमी झालं असेल तर ईएसआर अजून वाढतो, ते किती आहे?

आणि सीआरपीला हाड का जखम का न्यूमोनिया काही कळत नाही. १९३० साली तो सापडलाच मुळी न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात.

नर्सताई_धुळे:
लॅबवाले दादा बरोबर बोलले. फक्त आकड्यावर बसू नका, हा काय मटका नाही. उतरलेला सीआरपी परत चढला, जखमेतून पाणी किंवा पू आला, कडेने लाल आणि गरम झालं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जा. पोटरी एकदम टणक होऊन दुखत असेल तरी थांबू नका, तिथे रक्ताची गाठ असू शकते, दम लागला तर रात्रीच निघा. आणि मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक आणू नका हो, पुढे खरंच पू निघाला तर कल्चरमधी, म्हणजे पू मधला जंतू वाढवून ओळखायच्या टेस्टमधी, जंतूच सापडत नाही. आबा तंबाखू खातात का, बिडी ओढतात का? तेवढं सोडवा, हाड जुळायला त्याने उशीर होतो. वांग्याने पू होत नाही.

अहिराणी_गडी:
भाऊ घाबरू नको, उतरी जाई. पण पुढली टेस्ट त्याच एका लॅबमधी कर, नाहीतर परत हाच घोळ.

केळीवाला_यावल:
युनिट बघितलं, पर डेसिलिटरच होतं! हिमोग्लोबिन ९.४. पोटरी मऊ आहे, ताईंनी सांगितल्यावर लगेच बघितली. टाके काढले, डॉक्टरांनी जखम दाबून बघितली, कोरडी आहे म्हणाले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. बिडी नाही पण तंबाखूची पुडी उशीखाली सापडली.

केळीवाला_यावल (दहा दिवसांनी):
जळगावच्याच लॅबमधी परत केलं. सीआरपी ९, ईएसआर ६६. डॉक्टर म्हणाले आता रक्त नको, सहा आठवड्यांनी एक्सरे करू. भरीत झालं काल, बामणोदची वांगी आणली होती, आबांनी कळण्याच्या दोन भाकरी खाल्ल्या. पाहुण्यांचा मात्र ईएसआरसाठी अजून रोज फोन येतो.