मदत हवी आहे: फोन ॲपमध्ये 'किरण' शोधलं की आधी 'करण' येतो

नमस्कार. आम्ही तिघं जण अँड्रॉइडवरचं एक छोटं ओपन सोर्स फोन ॲप सांभाळतो. फोन लावणं-घेणं, कॉल लॉग, संपर्क, एवढंच त्याचं काम.

गेल्या महिन्यात माझ्या आत्याने शोधात 'किरण' टाइप केलं, वरचं नाव दाबलं आणि फोन लागला करणला. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. चूक आमच्या कोडची होती, आणि तो बदल मीच मर्ज केला होता, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतला होता.

शोधण्याआधी आम्ही नाव एनएफडी पद्धतीने (युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकातली, मूळ अक्षर आणि त्यावरची चिन्हं वेगळी करायची पद्धत) सुटं करतो आणि वरखालची चिन्हं काढून टाकतो, म्हणजे फ्रेंच-स्पॅनिश नावं चिन्हांशिवाय टाइप केली तरी सापडतात. आधी फक्त यू+०३०० ते यू+०३६एफ या पट्ट्यातली (हे युनिकोडमधले क्रमांक) चिन्हं निघायची. मग अरबी वापरणाऱ्यांची तक्रार आली की जबर-जेर (स्वरांच्या वरखालच्या खुणा) लावलेली नावं सापडत नाहीत. तक्रार रास्त होती. म्हणून युनिकोडच्या 'मार्क' प्रकारातली सगळीच चिन्हं काढायला लागलो. अरबीत रोजच्या लिहिण्यात या खुणा बहुतेक वेळा गाळल्याच जातात. आपल्याकडे मात्र काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त सगळं याच प्रकारात मोडतं. वीणा, वाणी आणि वेणू या तिघींचं 'वण' झालं.

देवनागरी पट्टा (यू+०९०० ते यू+०९७एफ) वगळल्यावर हे थांबलं. पण दुसरं दुखणं तसंच आहे. 'कऱ्हाडकर' मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: काही कीबोर्ड ऱ (यू+०९३१) आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह). पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, शोधात जुळत नाहीत. एनएफसी (सुटी चिन्हं पुन्हा जोडणारी पद्धत), एनएफडी काहीही केलं तरी नाही. वकिलांच्या नावाआधीच्या 'ॲड.' चंही तेच: एकसंध ॲ (यू+०९७२) आणि अ वर चंद्र दिलेला, हे युनिकोडच्या लेखी वेगळे.

आयसीयू या युनिकोडच्या तयार कोड-संग्रहातला स्ट्रिंगसर्च (भाषेच्या नियमांनी शोधणारा भाग) प्रायमरी पातळीवर, म्हणजे फक्त मूळ अक्षरांतले फरक मोजून, लावून पाहिला. किरण-करण वेगळे राहतात, कऱ्हाडकर दोन्ही प्रकारे सापडतो. पण दोन हजार संपर्क असलेल्या जुन्या फोनवर प्रत्येक अक्षरामागे शोध अडखळतो, आणि फोन लावताना ते चालणार नाही.

तर जाणकारांना विचारायचं आहे: नावं साठवतानाच एकदा बदलून ठेवावीत (ऱ चा र, झेडडब्ल्यूजे काढून, ॲ एकाच रूपात) आणि मग साधी तुलना करावी, हे बरोबर आहे का? ऱ चा र केल्याने 'तऱ्हा' आणि 'तर्हा' एक होतील, शोधापुरतं मला ते चालेल. हिंदी नावांतल्या नुक्त्याचं (ज़, फ़ यांच्या खालच्या टिंबाचं) काय करावं हे मात्र ठरत नाही. 'चंद्रकांत' शोधल्यावर 'चन्द्रकान्त' सापडावा का, यावरही आमच्यात एकमत नाही.

ॲपने इंटरनेटची परवानगीच घेतलेली नाही आणि घेणारही नाही, त्यामुळे वापरणाऱ्यांकडून आपोआप काही कळत नाही. कोणी सांगितलं तरच समजतं. तुमच्या फोनवर सापडत नसलेलं नाव असेल तर तेवढंच नाव आणि कीबोर्ड कोणता ते इथे लिहा. नंबर किंवा संपर्कांची यादी कृपया टाकू नका.