कोड रीडरवर पी०३०२ आणि पी०१७१ एकदम आले: ऑक्सिजन सेन्सर बदलू की आधी दुसरे काही बघू?

तांबडी_माती

नमस्कार. गाडी २०१६ ची, तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, ८२,००० किलोमीटर झालेली. कळंगुटला किनाऱ्याजवळ उघड्यावर उभी असते. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी चालू केली की इंजिन थरथरते, गरम झाल्यावर बरेचसे सुधारते. पण पणजीत आल्तिनोचा चढ दुसऱ्या गिअरवर चढताना पिकअप जातो आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो. सपाटीवर आले की दिवा नुसता पेटून राहतो.

हातात धरायचा साधा रीडर लावला. दोन कोड दिसले: पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (त्यात पेट्रोल नीट पेटत नाही), आणि पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). कोड पुसले, दोन दिवसांत दोन्ही परत आले. गराजमध्ये सांगतात की पातळ मिश्रणाचा कोड आहे, तर ऑक्सिजन सेन्सर गेला. सेन्सर महाग आहे, म्हणून विचारतो: हे दोन बिघाड आहेत की एकच? लाइव्ह डेटात नेमके काय बघायचे? चवथीला गावी जायचे आहे, तोपर्यंत गाडी चालवली तर चालेल का?

वायरिंगवाला_वास्को

शेवटचा प्रश्न आधी. दिवा स्थिर पेटलेला असेल तर गाडी जपून चालवता येते. लुकलुकतो तेव्हा मिसफायर इतका असतो की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या लायनीत जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा डबा, थोडक्यात कॅट) पेटते. आतली जाळी वितळली तर सेन्सरच्या कितीतरी पट खर्च येतो. लुकलुकताना अ‍ॅक्सिलरेटर सोडा, खालचा गिअर घ्या, चढावर रेटू नका. हे दुरुस्त होईपर्यंत घाटरस्त्याला गाडी काढू नये, चोर्ला असो की अनमोड.

दुसरे म्हणजे, कोड आता पुसू नका. कोड आला त्या क्षणाची नोंद इसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, फ्रीझ फ्रेममध्ये ठेवतो: आरपीएम, वेग, कूलंटचे तापमान, इंजिनवरचा लोड, ट्रिम (इसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवले किंवा कमी केले ते). साध्या रीडरवर अशी एकच फ्रेम मिळते आणि कोड पुसला की तीही जाते. सोबत लाँग टर्म ट्रिम शून्यावर येते, म्हणजे इसीयूने इतके दिवस शिकलेलेही पुसले जाते. पुढच्या वेळी आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. कूलंट ३० अंश असताना कोड आला की ९० अंश असताना, यावरून अर्धी दिशा कळते.

रीडर लावायची पद्धत: स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात घट्ट बसवा, चावी ऑनवर, इंजिन बंद. रीडरला वीज सॉकेटच्या १६ व्या पिनवरून मिळते, ४ थी पिन अर्थ. स्क्रीन पेटलीच नाही तर रीडर खराब म्हणायच्या आधी फ्यूज बघा, बऱ्याच गाड्यांत हे सॉकेट आणि सिगारेट लायटर एकाच फ्यूजवर असतात. पक्के कोड आणि पेंडिंग कोड वेगळ्या यादीत दिसतात, दोन्ही लिहून घ्या. पेंडिंग म्हणजे बिघाड दिसला आहे, पण दिवा लावण्याइतकी खात्री इसीयूला अजून झालेली नाही.

घाटवाट

बाब, सेन्सर आत्ता घेऊ नका. दोन्ही कोड एकाच बिघाडाचे असण्याची शक्यता जास्त आहे, आणि त्यातला मूळ कोड पी०३०२.

कारण असे. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. एका सिलिंडरात ठिणगी पडली नाही तर त्यातली हवा जळत नाही, सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. तिथले पेट्रोलही जळलेले नसते, पण ते सेन्सरला दिसत नाही. त्याला फक्त ऑक्सिजन वाढलेला दिसतो, आणि तो ‘मिश्रण पातळ’ असे कळवतो. इसीयू त्यावर विश्वास ठेवून तिन्ही सिलिंडरांना पेट्रोल वाढवतो. ते वाढवणे मर्यादेबाहेर गेले, बहुतेक गाड्यांत २० ते २५ टक्क्यांच्या आसपास, की पी०१७१ येतो. म्हणजे सेन्सर खरे बोलतो, अर्थ चुकीचा लावला जातो.

सेन्सर जिवंत आहे का ते पाच मिनिटांत बघता येते. इंजिन पूर्ण गरम करा, लाइव्ह डेटात पहिला सेन्सर, म्हणजे कॅटच्या आधीचा, निवडा. साध्या प्रकारचा असेल तर व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सारखे वरखाली व्हायला हवे. मग उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबून सोडा. दाबताना ०.८ च्या वर आणि सोडल्यावर ०.१ च्या जवळ गेले तर सेन्सर चांगला. एकाच आकड्यावर गोठला असेल तरच संशय घ्या.

आता पी०३०२ कडे. इंजिन थंड असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) अदलाबदल करा. फक्त कॉइल, प्लगला हात लावू नका. दोन्ही एकदम हलवले तर बिघाड कशासोबत गेला ते कळणार नाही. गाडी चालवा आणि कोड बघा. पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०२ तसाच राहिला तर प्लगची अदलाबदल. तरीही दोनलाच चिकटून राहिला तर इंजेक्टर आणि त्याची वायर, शेवटी कॉम्प्रेशन. या एका चाचणीसाठी मात्र आधी कोड पुसावेच लागतील, म्हणून फ्रीझ फ्रेमचा फोटो त्याच्या आधी.

कॉइल काढल्यावर खाली टॉर्च मारून प्लगचा खड्डा बघा. पावसात बॉनेटच्या कडेने आलेले किंवा धुताना शिरलेले पाणी तिथे साचते. तेल दिसले तर व्हॉल्व्ह कव्हरचे सील गळते आहे. कॉइलच्या रबरी नळीवर बारीक पांढरी किंवा काळी रेघ दिसली तर ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी तिथूनच इंजिनच्या धातूकडे पळते आहे. दमट हवेत आणि लोडखाली ती जास्त पळते, तुमच्या लक्षणांशी हे तंतोतंत जुळते.

कोलवाळ_काठ

घाटवाट यांच्याशी सहमत, पण पी०१७१ आला की लोक व्हॅक्यूमची गळती शोधत बसतात, त्याबद्दल थोडे.

तुमच्या गाडीत हवा मोजायला मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आहे की मास एअर फ्लो (आत येणारी हवा थेट मोजणारा), हे आधी बघा. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत मॅप असतो. मास एअर फ्लोच्या गाडीत नळी फुटली तर न मोजलेली हवा आत येते. आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ट्रिम खूप वाढते आणि २५०० आरपीएमला कमी होते, हा नेहमीचा नियम. मॅपच्या गाडीत तीच हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते, सेन्सरला ती दिसते, इसीयू पेट्रोलही वाढवतो. तिथे गळतीची खूण ट्रिममध्ये कमी आणि आयडल चढण्यात जास्त दिसते. मॅपवाल्या गाडीत तुमचा आयडल नेहमीसारखा असेल तर नळ्या शोधण्यात दिवस घालवू नका.

मॅप सेन्सर तपासायला आपण समुद्राकाठी असल्याचा फायदा घ्या. चावी ऑन, इंजिन बंद असताना आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास हवा. कळंगुटला उभे राहून ९० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर चुकते आहे. गरम इंजिन आयडलला, एसी बंद, ३० ते ४० ठीक. तसेच रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंट आणि इनटेक हवा ही दोन्ही तापमाने जवळपास सारखी हवीत, पावसाळ्यात पंचविशीच्या पुढेमागे. उणे ४० दिसले तर सेन्सरचे सर्किट तुटलेले आहे.

ट्रिम वाचताना शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्मची (शिकलेली) बेरीज धरा. उणे १० ते अधिक १० पर्यंत चिंता नको. पेट्रोलमधले इथेनॉल १० वरून २० टक्के झाले की गाडीला साधारण ४ टक्के जास्त पेट्रोल लागते, म्हणून थोडी अधिक ट्रिम हल्ली सगळीकडेच दिसते. आयडलला ठीक आणि लोडखाली चढत जाणारी ट्रिम असेल तर फ्यूल पंप, फिल्टर, दाब बघा.

वायरिंगवाला_वास्को

किनाऱ्यावरच्या गाडीसाठी एक भर. नवी कॉइल आणायच्या आधी तिचा प्लास्टिकचा कनेक्टर काढून पिना बघा. खाऱ्या हवेने पितळेवर हिरवा थर चढतो आणि रीडर तोच कोड दाखवतो जो कॉइल जळल्यावर दाखवला असता. बॅटरीची उणे वायर काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने घासा, सुकू द्या. सॅंडपेपर नको, वरचा मुलामा जातो. उंदीरही पावसाळ्यात गरम इंजिनावर येऊन बसतात, कॉइलच्या वायरी कुरतडलेल्या आहेत का ते हात फिरवून बघा.

मग अर्थ. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, एक टोक बॅटरीच्या उणे खांबावर, दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर गेले तर अर्थची पट्टी किंवा तिचा गंजलेला बोल्ट साफ करावाच लागेल. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ हवे.

तांबडी_माती

सगळ्यांचे आभार. सांगितले तसे केले. गाडीत मॅप सेन्सर आहे. चावी ऑनला १०१, गरम आयडलला ३७, आयडल नेहमीइतकाच. ट्रिमची बेरीज आयडलला अधिक १७, २५०० ला अधिक ९. ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.८५ फिरतो, दाबल्यावर लगेच वर जातो. स्टार्टर मारताना अर्थवर ०.१.

कनेक्टर साफ केले, फरक नाही. दोन आणि तीनच्या कॉइल बदलल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पी०३०३ पेंडिंगमध्ये आला. आता तिसऱ्यावर असलेल्या त्या कॉइलच्या रबरावर काळी रेघ आहे, प्लगच्या पांढऱ्या भागावरही तशीच. एकच कॉइल बदलू की तिन्ही? कोड पुसल्यावर काय बघायचे?

घाटवाट

उत्तर मिळाले. कॉइल एकच बदला, बाकी दोन्हींचे रबर स्वच्छ असेल तर त्यांना हात नको. प्लग मात्र तिन्ही नवे घ्या. ज्या प्लगवर रेघ उमटली आहे तो जुना ठेवला तर नव्या कॉइलचे रबरही तिथेच जळते. रेघ असलेला प्लग दुसऱ्या सिलिंडरात राहिला आहे, कारण तुम्ही फक्त कॉइल हलवल्या, हे विसरू नका. गाडीच्या पुस्तकातलाच नंबर घ्या, गॅप फीलर गेजने तपासा.

बसवताना इंजिन थंड. खड्ड्यातली माती आधी हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरात पडते. प्लग हातानेच पूर्ण बसेपर्यंत फिरवा, वायसर टेकल्यावर टॉर्क रेंच असेल तर पुस्तकातला आकडा, नसेल तर नव्या वायसरला अर्धा फेरा. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते, जास्त जोर लावला तर आटे जातात. कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचे पातळ बोट फिरवा, धातूच्या स्प्रिंगला लावू नका. दमट हवेत त्याचा खरा उपयोग होतो.

मग कोड पुसा. सकाळी थंड इंजिन चालू करून एसी बंद ठेवून तीन-चार मिनिटे आयडल, नंतर पणजी ते मडगाव हमरस्त्याने ६० ते ८० च्या स्थिर वेगात. रीडरवर रेडिनेस नावाचे पान असते. मिसफायर आणि फ्यूल सिस्टिम लगेच तयार दिसतात, कॅटॅलिस्ट आणि ऑक्सिजन सेन्सर पूर्ण व्हायला दोन-तीन दिवसांच्या फेऱ्या लागू शकतात. ते पूर्ण होण्याआधी ‘कोड नाही’ याचा अर्थ ‘तपासणी झाली नाही’ इतकाच. लाँग टर्म ट्रिम उणे ५ ते अधिक ५ मध्ये स्थिरावली तर पी०१७१ परत येणार नाही.

कोलवाळ_काठ

त्याच वेळी कॅटच्या मागचा दुसरा सेन्सर बघून ठेवा, कारण चढावर दिवा बरेच दिवस लुकलुकला आहे. गरम इंजिन, २५०० वर स्थिर धरले असता त्याचे व्होल्टेज ०.६ ते ०.७ च्या आसपास संथ राहिले तर कॅट वाचला. पहिल्या सेन्सरसारखेच वरखाली नाचायला लागले तर पुढे पी०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याचा कोड, येईल. आणि काम झाले की रीडर सॉकेटातून काढून ठेवा, लावून ठेवलेला रीडर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरवतो.