ओटावात रिअर-व्हील गाडीला विंटर टायर कोणते घ्यावेत?

खारीबिस्किट:
मंडळी, मे महिन्यात हौसेने टोयोटा जीआर८६ घेतली, मॅन्युअल, मागच्या चाकांवर चालणारी. टायर १८ इंची, समरचे. राहतो ओटावात (ओंटारियो प्रांत), ऑफिस नदीपलीकडे गॅटिनोत (क्यूबेक प्रांत). रिमसकट १००० डॉलरमध्ये काय बसेल? गाडी विकायची नाहीये, हे आधीच सांगतो.

तोरणा:
डोळे झाकून नोकियन हक्कापेलिट्टा आर५ घ्या. माझा त्यांच्यावर चौथा हिवाळा. १६०० गेले, पण एकदाही घसरलो नाही. टायरमध्ये काटकसर नको.

शेवग्याची_शेंग:
अहो, ते १००० म्हणतायत. खारीबिस्किट, १७ इंचावर या, २१५/४५ आर१७. बेस मॉडेलला कंपनीच हा साइझ देते. टायर स्वस्त पडतात, साइडवॉल उंच असल्याने खड्ड्यात रिमही वाचतो.

मुक्काम_म्युनिक:
आमच्याकडे जर्मनीत रस्त्यावर बर्फ असताना डोंगर-हिमकणाचं चिन्ह (विंटर टायरची खूण) नसलेले टायर सापडले की ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर नुसतं एम+एस (मड अँड स्नो) लिहिलेलं चालत नाही.

पोपटी:
क्यूबेकमध्येही १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायरची सक्ती आहे. रोज पूल ओलांडणार म्हणजे दंड ठरलेला!

शेवग्याची_शेंग:
नाही हो. ती सक्ती क्यूबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना, ओंटारियोच्या प्लेटला नाही. तरी टायर घ्याच, ७ अंशांखाली समर टायरचं रबर कडक होतं. इन्शुरन्सवाल्यालाही सांगा, ओंटारियोत २०१६ पासून विंटर टायरला सूट द्यावीच लागते.

बोरकूट:
मी पैसे वाचवायला फक्त मागे दोन लावले होते. पहिल्याच बर्फात ४१७ हायवेवरून उतरताना स्टीअरिंग पूर्ण फिरवलं, गाडी आपली सरळच! पुढचे समर टायर वळेनातच. थेट कडेच्या बर्फाच्या ढिगात. बंपर गेला, दोन टायरच्या दुप्पट खर्च झाला. चारही लावा.

तोरणा:
म्हणून म्हणतो, एडब्ल्यूडी (चारही चाकांना ताकद देणारी) घ्यायला हवी होती.

बोरकूट:
एडब्ल्यूडी गाडी जागची हलवते, थांबवत नाही. ब्रेक लावल्यावर सगळं टायरवरच.

पोपटी:
स्टडवाले (धातूचे खिळे असलेले) घ्या मग.

शेवग्याची_शेंग:
दक्षिण ओंटारियोत स्टडला परवानगी नाही, ओटावा त्यातच येतं. मिशलिन एक्स-आइस स्नो बघा. पण नवेच घ्या, वापरलेले कुणाचे कसे असतील सांगता येत नाही.

तोरणा:
वापरलेले अजिबात नकोत. हक्कापेलिट्टाच.

खारीबिस्किट:
सगळ्यांचे आभार. वापरलेलेच घेतले! एका ८६ वाल्याने गाडी विकली, त्याच्याकडे एक्स-आइस स्नोचा १७ इंची सेट रिमसकट ७०० मध्ये मिळाला. गॅरेजमध्ये टॉर्च मारून चारही टायरचा तारखेचा कोड वाचला, ३६२३, म्हणजे २०२३ चा छत्तिसावा आठवडा. खाचांची खोली मोजली, चारही ७ मिमी. साइडवॉलवर फुगवटा नाही, चीर नाही, पंक्चरचा पॅच नाही. मंगळवारी बसवतोय. १०० किमीनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क करून (ठरलेल्या जोराने आवळून) घेईन. उरलेल्या पैशांत बोरकूटनी सांगितलेल्या ढिगासाठी एक फावडं घेतलंय, डिकीत ठेवलं.