दर दोन-तीन वर्षांनी बदली : मुलांना घरी शिकवणं शहाणपण की हट्ट?

वास्कोवाली

नमस्कार. आमचे हे नौदलात आहेत, सध्या आम्ही वास्कोला क्वार्टरमध्ये राहतो. माहेर गडहिंग्लज. मोठी सात वर्षांची, धाकटा साडेचारचा. मोठीला गेलं दीड वर्ष शाळेत घातलेलं नाही, घरीच शिकवते. सासर, माहेर आणि खालचा मजला, तिन्हीकडे मी येडी झालेय यावर एकमत आहे. म्हणून इथे विचारते.

सुरुवात कशी झाली ते आधी. बालवाडी धरून तिच्या तीन शाळा झाल्या. तिसऱ्या शाळेत (गाव सांगत नाही) आम्ही नोव्हेंबरात पोचलो. हजेरीपटावर नाव चढायला आठवडा गेला, तोवर बाई तिला ‘न्यू ॲडमिशन’ म्हणून हाक मारायच्या. पोरगी घरी आली आणि तिने बाहुलीचं नाव न्यू ॲडमिशन ठेवलं. आम्ही हसलो. पुढे ती रोज सकाळी ओकायला लागली तेव्हा हसणं थांबलं.

आता आमचा दिवस. साडेसहाला पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) भोंगा वाजतो. ती पिशवी आणि नोट घेऊन खाली जाते, उंडे किती, काकणं किती (हे पावांचेच प्रकार), सुटे किती परत आले, सगळा व्यवहार कोंकणीत. तो आमचा गणिताचा पहिला तास. मग दोन तास वाचन-लेखन. बालभारतीची पुस्तकं गडहिंग्लजहून भाऊ पाठवतो. जूनमध्ये पुस्तकांवर हिरवट बुरशी चढते, ती फडक्याने पुसून पानं इस्त्रीखाली वाळवायची, ते विज्ञान. इंग्रजी अक्षरं ती काळ्या ट्रंकेवर शिकली. वर पांढऱ्या रंगात ह्यांचं नाव, नंबर, खाली ‘फ्रॉम’ आणि ‘टू’. ‘टू’च्या पुढचं गाव इतक्यांदा खरवडून रंगवलंय की तिथला पत्रा दिसायला लागलाय.

हे सेलिंगवर असले (कुठे, किती दिवस, ते विचारू नका) की कधी कधी महिनाभर धड फोनही नसतो. परत आले की चार दिवस आमची शाळा बंद. शाळेत असती तर ते चार दिवस ती युनिट टेस्ट देत बसली असती आणि बाप खिडकीशी.

तर, आहे ते चालू ठेवू, की मी तिचं नुकसान करतेय?

सुभेदार रिटायर्ड

पोरी, मी आर्मीतला. शेवटचं पोस्टिंग बांबोळी कॅम्प, आता पेडण्याकडे घर बांधलंय. राग मानू नकोस, पण हा हट्ट आहे.

सेंट्रल स्कूल, म्हणजे केंद्रीय विद्यालयं, कशासाठी काढल्या? बदलीवाल्यांच्या पोरांसाठीच. १९६३ पासून चालल्यात. पुस्तक तेच, अभ्यासक्रम तोच, जम्मूत अर्धा राहिलेला धडा गोव्यात पुढे सुरू. गोव्यात एक सोडून चार ठिकाणी आहेत. तुमच्या नौदलाची तर स्वतःची शाळा वास्कोत. एवढी सोय सरकारने केलेली, आणि तू ट्रंकेवर एबीसीडी शिकवतेस!

माझं उलटं झालं. कुटुंब साताऱ्याकडे गावी ठेवलं, पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळा एकदाही बदलली नाही. थोरला सहावीला सैनिक स्कूल, साताऱ्यात लागला. सगळं झकास. फक्त मी वर्षाच्या ६० दिवसांच्या रजेवर घरी गेलो की धाकटी आईला विचारायची, ‘हे कधी जाणार?’ त्यामुळे घर सोबत ठेवलंस ते शंभर टक्के बरोबर. शाळेत घाल म्हणतो एवढंच.

सात_शाळा

सुभेदारसाहेबांना अनुमोदन. मी स्वतः फौजी पोर, बाप हवाई दलात, एकूण सात शाळा, त्यातल्या पाच केंद्रीय विद्यालयं. लोकांना वाटतं सात शाळा म्हणजे हाल. खरं सांगू का, नव्या गावात घर अनोळखी, भाषा अनोळखी, पाण्याची चवसुद्धा वेगळी. ओळखीचं काय होतं तर शाळा. तोच गणवेश, तीच सकाळची प्रार्थना, तेच हाऊसचे बिल्ले. आणि वर्गात निम्मी पोरं माझ्यासारखीच बदलीवाली, ‘तू कुठून आलास’ हा रोजचा प्रश्न. तिथे कुणी कायमचा नवा नसतो.

ताई, तुमच्या मुलीचा अनुभव वाईटच. पण तो एका बाईंचा आळस होता. त्याची शिक्षा सगळ्या शाळांना कशाला?

डिचोलीची_शिक्षिका

मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. चार वर्ग मिळून अकरा मुलं, शिक्षिका मी एकटी. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिकला अनुदान सुरू झालं तेव्हा केवढं रण माजलं होतं ते इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. आमच्या मराठी शाळांचा पट आधीपासून उतरत होता, नंतर तर घसरगुंडीच.

वास्कोवाली ताई, मला तुमच्या लेखात एक गोष्ट दिसली ती इतर कुणाला दिसली नाही. तुम्ही तिला मराठी वाचायला शिकवताय. केंद्रीय विद्यालयात हिंदी आणि इंग्रजी, पुढे सहावीपासून संस्कृत. मराठी सहसा नाहीच. फौजेतल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं आजीचं पत्र वाचू शकत नाहीत, हे मी नात्यात पाहिलंय. पण मग घरी कशाला? मुरगाव तालुक्यात मराठी शाळा शोधा. चौथीपर्यंत फी नाही, माध्यान्ह आहार मिळतो आणि बाई मुलांना नावानं हाक मारतात. अकरा मुलांत दुसरं करणार तरी काय!

सात_शाळा

बाई, कल्पना सुंदर, पण दोन वर्षांनी हुकूम आला विशाखापट्टणमचा किंवा पोर्ट ब्लेअरचा, की तिथे मराठी शाळा कोण देणार? मग तिसरीतली मुलगी एकदम हिंदी-इंग्रजीत जाऊन पडणार.

डिचोलीची_शिक्षिका

एका भाषेत पक्की झालेली मुलगी दुसरीत पडत नाही, चालत जाते. नवं शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषा म्हणतं. अर्थात त्या ‘शक्य तिथे’मध्येच सगळं बुडालंय, हे मान्य.

कायद्याचं_बोला

भावनिक चर्चा झाली असेल तर मुद्द्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९, लागू १ एप्रिल २०१०. वय ६ ते १४. कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. तुमची मुलगी सात वर्षांची आहे. म्हणजे तुम्ही जे करताय ते कायद्याच्या बाहेर आहे. फौजेतल्या घराने तरी कायदा पाळावा.

घरचीच_शाळा

वरच्या साहेबांनी अर्धाच कायदा वाचला. कर्तव्य लिहिलंय, पण ते न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा त्या कायद्यात कुठेच नाही. आमची दोन्ही मुलं घरी शिकली (आम्ही फौजी नाही, म्हापशाला दुकान आहे). राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, आधी कुठल्या शाळेत होतात ते कुणी विचारत नाही. थोरला तसाच बसला, पास झाला, आज पॉलिटेक्निकला आहे.

ताई, बिनधास्त चालू ठेवा. कोणतीही शाळा जितकं दाखवणार नाही तितकं तुमच्या दारात आहे. बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, पणजीला पाटोवर मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ सालची संस्था, मुलांचा विभाग वेगळा. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून वास्कोहून अंतरही काही वाटत नाही.

वास्कोवाली

सगळ्यांचे आभार. रागावले नाही, सुभेदारकाका.

बोगमाळोला आमची महिन्यातून एक फेरी असतेच. सी हॅरियरच्या पोटाखाली उभं राहून धाकटा विचारतो, ‘हे म्हातारं झालं म्हणून इथे ठेवलं का?’ बाबा म्हणतात, हो, रिटायर्ड. तेव्हापासून सासऱ्यांनाही तो संग्रहालयात ठेवायच्या गोष्टी करतो.

कायदेवाल्या दादांना: वाचलंय ते कलम. आमच्या ह्यांनी मुलांच्या शिक्षण भत्त्यावर सुद्धा पाणी सोडलंय, कारण मुख्याध्यापकांचा दाखला आणणार कुठून? म्हणजे फुकटची चैन नाही ही.

सात_शाळा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. शाळा हीच ओळखीची जागा असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी धरून चालले होते की ओळखीची जागा म्हणजे मी.

मडगावची_नोकरदार

अगदी त्याच वाक्यावर अडले मी. ‘ओळखीची जागा म्हणजे मी.’ ताई, तुम्ही काय शिकलात? काय करायचात? अख्ख्या धाग्यात कुणी विचारलं नाही. सुभेदारसाहेबांनी शाळा सांगितली, दुकानवाल्या दादांनी ग्रंथालय सांगितलं. म्हापशाच्या दादांकडे बायको आणि ते, दोघं घरात. तुमचा नवरा महिना महिना समुद्रावर. म्हणजे स्वयंपाक, रेशन, एमईएसकडे (क्वार्टरची दुरुस्ती बघणारं फौजी खातं) गळक्या नळाची तक्रार, धाकट्याचा ताप, आणि वर पूर्णवेळ शाळामास्तर. तुम्ही आजारी पडलात तर शाळेला सुट्टी कोण जाहीर करतं?

माझा मुलींना घरी शिकवायला विरोध नाही. बाईच्या जिवावर चाललेली बिनपगारी शाळा ‘निवड’ म्हणून मिरवली जाते, त्याला आहे.

घरचीच_शाळा

आमच्याकडे गणित मीच शिकवलं, दुकानात गल्ल्यावर बसवून. हे जाता जाता.

सुभेदार रिटायर्ड

मॅडम बरोबर बोलल्या. माझ्या घरी सगळं कारभारणीनेच केलं, आणि बक्षीस समारंभाला कोट घालून मी गेलो.

वास्कोवाली

बीएस्सी, रसायनशास्त्र. लग्नाआधी दीड वर्ष गडहिंग्लजला ज्युनियर कॉलेजात लॅब असिस्टंट होते. बदल्या सुरू झाल्या तशी ती नोकरी गेली, दुसरी धरायच्या आत तिसरं गाव. मुलीला शिकवताना मला पुन्हा काहीतरी असल्यासारखं वाटतं, हे खरं. ते तिच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, याचा हिशोब मी घातला नव्हता.

आजारी पडले होते. मागच्या पावसाळ्यात डेंग्यू. हे बाहेर. नऊ दिवस खालच्या मजल्यावरच्या पंजाबी भाभीने दोघांना जेवू घातलं. तीच भाभी, मला येडी म्हणणारी. शाळा अर्थातच बंद होती, पण ते मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

आणखी एक, जे मूळ प्रश्नात लिहायचं टाळलं होतं. परवा संध्याकाळी क्वार्टरच्या मधल्या मैदानात पोरं शाळा-शाळा खेळत होती. एकीने विचारलं, तुझी मॅम कोण? आमची म्हणाली, माझी मॅम पण न्यू ॲडमिशन आहे, अजून आली नाहीय. कुणी हसलं नाही, खेळ पुढे गेला. मी दोरीवरचे कपडे काढत होते. ओलेच काढून आणले.

सात_शाळा

ताई, एक विचारू? शाळेतून दुपारी घरी आल्यावर पोदेर, बोगमाळो, मराठी पुस्तकं हे सगळं राहतंच की. मी दहावीपर्यंत मराठी आईकडे शिकलो, दुपारी तीन ते चार, पंख्याखाली, झोप आवरत. आज हे टाइप करतोय ते त्या तासाच्या जिवावर.

घरचीच_शाळा

शाळा, बस आणि गृहपाठ यांतून जो तास उरतो त्यात मूल पेंगतं, हे तुम्हीच लिहिलंत.

सात_शाळा

पेंगत पेंगत शिकलो, पण शिकलो ना!

डिचोलीची_शिक्षिका

माझं मत अजूनही मराठी शाळेचंच. पण मुलगी रोज ओकत होती हे विसरू नका. कुठल्याही शाळेत घाला, पहिला आठवडा वर्गाबाहेर बसायला मिळेल का ते आधी विचारा. नाही म्हणाले तर दुसरी शाळा.

वास्कोवाली

केंद्रीय विद्यालयाच्या फॉर्मची प्रिंट काढून आणलीय. मोठीसाठी दुसरी. धाकट्याला पहिलीसाठी सहा पूर्ण लागतात, म्हणजे तो अजून माझ्या तावडीत आहे. भरेन की नाही ते माहीत नाही, हे आले की बोलू. पण ‘यापूर्वीची शाळा’ या रकान्यात काय लिहायचं? दीड वर्षाचा दाखला नाही.

कायद्याचं_बोला

कायदा मीच काढला होता, तर उत्तरही मीच देतो. कलम ४ : शाळेत न गेलेल्या मुलालाही वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे. दुसरी ते आठवीला प्रवेश परीक्षा नसते, फक्त जागा शिल्लक हवी. रकान्यात शेवटच्या शाळेचं नाव आणि सोडल्याची तारीख लिहा, पुढे ‘त्यानंतर घरी शिक्षण’. जन्मदाखला आणि यजमानांच्या बदल्यांचे आदेश जोडा. गेल्या सात वर्षांतल्या बदल्या मोजतात, एकही गाळू नका.