मदत हवी आहे: नर रेडकांच्या वाढीचा हिशेब बसत नाही

2015 पासून राज्यात बैल कत्तलीला बंदी, म्हणजे मोठ्या जनावरांत मांसासाठी उरतात म्हशी-रेडेच. आठ महिन्यांचं 120 किलोचं मुऱ्हा (म्हशीची जात) संकरित नर रेडकू 300 किलोपर्यंत न्यायचं आहे. रोजची वाढ 500 ग्रॅम धरली तर 360 दिवस लागतात. सरासरी 210 किलो वजनाला 2.7 टक्क्यांनी रोज 5.67 किलो शुष्क पदार्थ (पाणी वगळून खाद्याचं वजन), म्हणजे किलोभर वाढीला 11 किलोंच्या वर. कुट्टी, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), सरकी पेंड मिळून किलोला 12 रुपये पडले तरी किलोभर वाढीला नुसत्या खाद्याचे 136 रुपये! मजुरी, जंतनाशक, मरतूक वेगळी.

खर्च उतरवायला स्वस्त काड पचायला सोपं करणारी युरिया प्रक्रिया करतोय: 100 किलो गव्हाच्या काडाला 4 किलो युरिया, 50 लिटर पाणी, 21 दिवस हवाबंद. कडेला बुरशी येते. ताडपत्रीतून हवा जाते की दाब कमी पडतो?

आणि मुख्य अडचण, बाजारात नजरेनं सौदा होतो. छातीचा घेर × घेर × लांबी (सेंमी) ÷ 10840 हे किलोत वजन काढायचं सूत्र रेड्यांना किती चुकतं? काट्यावर ताडून पाहिलेल्यांनी फरक सांगा. किती किलोला विकणं परवडतं, तेही आकड्यांसह लिहा.