विदारक परदेशी चित्रपटाचा रीमेक: शेवट बदलण्याआधी काय काय बदलतं?

प्रश्न (रीळबदल): रसास्वाद वर्गासाठी 'स्पीक नो ईव्हिल' घेतोय. मूळ डॅनिश (२०२२, क्रिस्टियन टाफड्रुप) आणि हॉलिवूडचा रीमेक (२०२४, जेम्स वॉटकिन्स), दोन्ही. सुट्टीत ओळख झालेल्या जोडप्याकडे एक कुटुंब राहायला जातं आणि अडकतं; मूळ चित्रपटात आईबाप मारले जातात, रीमेकमध्ये सगळे सुटतात. मुलं "शेवट गोड केला, म्हणून फसला" इथेच थांबतात. त्यांना आणखी कुठे बघायला सांगावं? रहस्यभेद चालेल.

उत्तर (मध्यंतर): शेवट बाजूला ठेवा. आधी दोन्हींचा प्रसंगवार तक्ता करून घ्या, तीन रकाने पुरे: प्रसंग, त्या घटकेला कोणाला काय ठाऊक आहे, आणि पाहुण्यांना निघून जाण्यापासून काय अडवतंय.

दुसऱ्या रकान्यात फरक लगेच दिसेल. मूळ चित्रपटात यजमानांनी आधी बळी घेतलेल्या कुटुंबांचे फोटो पाहुण्या नवऱ्याला, ब्यॉर्नला, रात्री एकट्याला सापडतात. तो बायको-मुलीला उठवून गाडीत घालतो, पण बायकोला कारण सांगत नाही. रीमेकमध्ये यजमानांकडचा मुका मुलगा ते फोटो पाहुण्यांच्या मुलीला दाखवतो आणि तिच्याकडून आईबापांना कळतं. चित्रपट बराच शिल्लक असताना सगळं कुटुंब जाणतं झालं की प्रेक्षकाचा प्रश्न "हे अजून इथे का?" असा राहत नाही, "आता सुटणार कसे?" असा होतो. म्हणजे सुखान्ताची पायाभरणी तिथेच झाली.

तिसरा रकाना मला जास्त मोलाचा वाटतो. मूळ जोडपं आपसात डॅनिश बोलतं, यजमान डच, आणि चौघांत इंग्रजी. परक्या भाषेत भांडण काढणं जड जातं, म्हणून अपमान गिळला जातो. रीमेकमध्ये सगळेच इंग्रजी बोलणारे, त्यामुळे तो अडसर गेला. त्याची भरपाई म्हणून नवऱ्याची नोकरी गेलेली आणि बायकोचं दुसऱ्या पुरुषाशी मेसेजवर चाललेलं प्रकरण घातलं. गप्प बसायला सबळ कारण मिळालं आणि भीती तेवढीच कमी झाली. मूळ चित्रपटात कारण फक्त भिडस्तपणा आहे. "हे का करताय?" याला "तुम्ही करू दिलंत म्हणून" हे उत्तर झोंबतं ते त्यामुळेच.

उत्तर (तळटीप): जोडीला डच चित्रपट 'स्पोरलोस' (१९८८) आणि त्याचा रीमेक 'द व्हॅनिशिंग' (१९९३) घ्या. दोन्हींचा दिग्दर्शक एकच, जॉर्ज स्लाउझर, म्हणून "दुसऱ्याला मूळ कळलंच नाही" ही सबब उरत नाही. मूळ चित्रपट जोडप्यापासून सुरू होतो: बोगद्यात पेट्रोल संपतं आणि तो तिला तिथेच सोडून जातो. पुढे ती बेपत्ता झाल्यावर ही टोचणी त्याला खलनायकाने दिलेली गुंगीची कॉफी पिण्यापर्यंत नेते, कारण तिचं काय झालं हे कळायचा तेवढाच मार्ग उरलेला असतो. शुद्ध येते ती जमिनीखाली, पेटीत, लायटरच्या उजेडात. रीमेक उघडतो तोच खलनायक अपहरणाची तालीम करताना. शेवटी नायकाची नवी मैत्रीण त्याला सोडवते आणि कॉफी पिण्याचा निर्णय कथेतली नुसती अडचण होऊन बसतो. माझ्या मते इथलं नुकसान 'स्पीक नो ईव्हिल'पेक्षा मोठं आहे.

हिंदीतलं उदाहरण हवं तर कोरियन 'ओल्डबॉय' (२००३) आणि त्यावरून केलेला 'जिंदा' (२००६). बाप-लेकीत नकळत जुळणाऱ्या शरीरसंबंधाचा धागा काढून टाकला, पण वर्षानुवर्षांची कैद ठेवली. एवढ्या लांबलचक कैदेचा हेतूच त्या धाग्यात होता: तेवढ्या काळात लेक मोठी व्हावी आणि बापाला ती ओळखू येऊ नये.

रीळबदल: आणि काहीच न बदललेला रीमेक?

मध्यंतर: 'फनी गेम्स'. दिग्दर्शक हानेकेने १९९७ चा स्वतःचाच ऑस्ट्रियन चित्रपट २००७ साली इंग्रजीत जवळजवळ शॉटला शॉट लावून केला. तो प्रेक्षकाला सुटका देऊन हिसकावून घेतो: बाई बंदूक उचलून घरात घुसलेल्या दोन तरुणांपैकी एकाला मारते, दुसरा रिमोट शोधून प्रसंगच मागे फिरवतो. तुकडा दाखवणार असाल तर मुलाच्या मृत्यूनंतरचा दिवाणखान्यातला सुमारे १० मिनिटांचा अखंड शॉट मात्र कापू नका. कापला की नुसता धक्का उरतो, लांबीमुळे येणारी घुसमट जाते.

'स्पीक नो ईव्हिल'साठी मांसाचा प्रसंग लावा, मूळ आधी. पाहुणी बायको लुईझ शाकाहारी आहे हे यजमानांना सांगून झालेलं असतं, तरी यजमान पॅट्रिक रानडुकराच्या मांसाचा पहिला घास तिच्यापुढे धरतो. रीमेकमध्ये रानडुकराऐवजी हंस आहे, प्रसंग तोच. घास तोंडात जाईपर्यंत नवरा काय करतो, एवढंच मुलांना टिपायला सांगा. आणि प्रत निवडताना उपशीर्षकं कोणत्या भाषेतल्या संवादांना आहेत ते आधी तपासा. यजमानांचं डच बोलणं भाषांतरित होऊन आलं, तर पाहुण्यांना न कळणारं प्रेक्षकाला कळतं आणि तक्त्याचा दुसरा रकानाच चुकतो.

तळटीप: आणि तक्ता चित्रपट संपल्यावर लगेच भरून घ्या. दुसऱ्या दिवशी मुलांना फक्त शेवट आठवतो.